विणकरांचा संघ : ब्लॅकबर्न रोव्हर्सची दीडशे वर्षे

इंग्लंडच्या वायव्येला लँकेशायर परगण्यात ब्लॅकबर्न नावाचे गिरणीगाव आहे. तेथे १८७५ साली स्थापन झालेला ब्लॅकबर्न रोव्हर्स हा फुटबॉल क्लब २०१० पासून पुण्याच्या व्यंकटेश्वरा हॅचरीज या कुक्कुटपालन उद्योगसमूहाच्या मालकीचा आहे. इंग्लंडमधला व्यावसायिक क्लब ही भागभांडवलावर उभी असलेली मर्यादित कंपनी असते; तिला मैदान, पगारी खेळाडू आणि कर्जे असतात, तिची खरेदी-विक्री होऊ शकते, आणि तरीही ती एका गावाची ओळख असते व ते गाव पिढ्यान्‌पिढ्या तिच्यावर हक्क सांगत राहते. या क्लबचा महाराष्ट्राशी असलेला संबंध २०१० च्या खरेदीपासून सुरू झाला असे समजले जाते, पण ती समजूत अपुरी आहे. ज्या गावाने हा क्लब घडवला, ते गाव त्याआधी कित्येक दशके हिंदुस्थानला कापड विकून पोट भरत होते, आणि क्लबला पोसणारा पैसा व त्याच्या सामन्यांना लोटणारी गर्दी ही दोन्ही त्या कापडाच्या धंद्यातूनच आलेली होती.

ब्लॅकबर्नची भरभराट विणकामावर झाली. एका वेळी अनेक चात्यांवर सूत काढणारे ‘स्पिनिंग जेनी’ हे यंत्र जेम्स हारग्रीव्हज या विणकराने १७६० च्या दशकात याच परिसरात बनवले. लीड्स आणि लिव्हरपूल यांना जोडणारा कालवा १८१० मध्ये गावापर्यंत आला, आणि त्यानंतर वाफेवर चालणाऱ्या मागांचे कारखाने एकामागून एक उभे राहिले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शेजारची काही गावे सूतकताईत पुढे गेली, तर ब्लॅकबर्नने साधे, स्वस्त आणि प्रचंड प्रमाणावर खपणारे कापड विणण्यात नाव मिळवले. या कापडात धोतराचा वाटा मोठा होता. लँकेशायरच्या त्या धुरकट, पावसाळी गावात ज्यांनी आयुष्यात कधी धोतर नेसलेला माणूस पाहिला नव्हता असे स्त्री-पुरुष सकाळपासून संध्याकाळपर्यंत काठांची धोतरे विणत, आणि तो माल लिव्हरपूलमार्गे कलकत्ता व मुंबईच्या बंदरांत उतरत असे.

मराठवाड्याच्या वाचकाला येथे कापसाची आठवण होणे स्वाभाविक आहे, कारण भोकर, हदगाव, किनवट या पट्ट्यातील काळ्या जमिनीत पऱ्हाटीचे पीक जुने आहे आणि नांदेड परिसरातील गावरानी कापसाला निजामाच्या राज्यात मान होता. तथापि लँकेशायरशी आपला मुख्य व्यवहार कच्च्या कापसाचा होता, ही समजूत तपासून घ्यावी लागते. अमेरिकेत १८६१ मध्ये यादवी युद्ध पेटले, दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी झाली, आणि तेथून येणारा कापूस थांबल्यामुळे लँकेशायरमध्ये ‘कापसाचा दुष्काळ’ म्हणून ओळखला जाणारा काळ आला. ब्लॅकबर्नच्या गिरण्या बंद पडल्या आणि हजारो कुटुंबे मदतनिधीवर जगू लागली. या चार वर्षांत वऱ्हाड, खानदेश आणि निजामाच्या राज्यातील कापूस, जो व्यापारात उमरावतीच्या नावाने ओळखला जाई, मोठ्या प्रमाणावर लिव्हरपूलला गेला. पण त्याचा धागा आखूड होता, गाठींत कचरा असे, मागावर सूत वारंवार तुटे, आणि विणलेल्या नगावर मजुरी मिळणाऱ्या कामगारांचे उत्पन्न त्यामुळे घटत असे. १८६५ मध्ये युद्ध संपताच भाव कोसळले, लँकेशायर पुन्हा अमेरिकी कापसाकडे वळले, आणि आपल्याकडचा कापूस मुंबईच्या गिरण्यांकडे, युरोपातील इतर देशांकडे व पुढे जपानकडे जाऊ लागला. ब्लॅकबर्नला हिंदुस्थानची खरी गरज होती ती गिऱ्हाईक म्हणून. तलम मलमल आणि जरीकाठी कापडासाठी जे नांदेड प्रसिद्ध होते, तेथे मनमाडहून येणारी निजामाची रेल्वे १९०० च्या सुमारास पोचली, आणि त्यानंतर विलायती कापडाला मोंढ्यापर्यंतचा रस्ता अधिकच सोपा झाला. मराठवाड्यातील हातमागाची पीछेहाट आणि ब्लॅकबर्नच्या मागांची भरभराट या एकाच व्यवहाराच्या दोन बाजू होत्या, हे या क्लबचा इतिहास वाचताना विसरता येत नाही.

या भरभराटीतून फुटबॉलला दोन गोष्टी मिळाल्या. पहिली गोष्ट म्हणजे वेळ. १८५० च्या कारखाना कायद्याने कापडगिरण्यांचे शनिवारचे काम दुपारी दोन वाजता थांबवणे बंधनकारक केले, आणि त्यामुळे आठवड्यातून एक दुपार कामगारांच्या हाती आली. शनिवारी दुपारी सामने खेळवण्याची इंग्रजी प्रथा याच सवलतीवर रुजली. दुसरी गोष्ट म्हणजे थोडासा शिल्लक पैसा. विणकर स्त्रियांनाही पुरुषांच्या बरोबरीने नगावर मजुरी मिळत असल्यामुळे या गावांतील अनेक घरांत दोन मिळकती असत, आणि सामन्याच्या प्रवेशासाठी काही पेनी खर्च करणे त्या घरांना परवडत असे.

ब्लॅकबर्न रोव्हर्सची स्थापना मात्र विणकरांनी केली नाही. ५ नोव्हेंबर १८७५ रोजी गावातील सेंट लेजर हॉटेलात जॉन लुईस आणि आर्थर कॉन्स्टंटाइन या दोन तरुणांच्या पुढाकाराने सतरा जणांची सभा भरली. जमलेल्यांपैकी बरेच जण खासगी निवासी शाळांत शिकलेले, सुखवस्तू घरांतील होते. त्या काळी फुटबॉल हा अशा शाळांचा खेळ होता. १८६३ मध्ये लंडनला स्थापन झालेल्या फुटबॉल असोसिएशन या नियामक संस्थेवर आणि तिने १८७१ मध्ये सुरू केलेल्या चषक स्पर्धेवर, म्हणजे हरणारा संघ बाद होत जाणाऱ्या एफए चषकावर, त्याच वर्गाचे वर्चस्व होते. रोव्हर्सचा पहिला सामना १८ डिसेंबर १८७५ रोजी जवळच्या चर्च या गावाच्या संघाशी होऊन १-१ असा बरोबरीत सुटला. स्वतःचे मैदान नव्हते, म्हणून संघाने काही काळ शेताडीत आणि नंतर क्रिकेटच्या मैदानावर खेळून वेळ निभावली.

या खेळाचे स्वरूप बदलले ते शेजारच्या डार्वेन या छोट्या गिरणीगावातून. १८७९ मध्ये डार्वेनच्या कामगारांचा संघ एफए चषकात ओल्ड इटोनियन्सशी, म्हणजे ईटन या उच्चभ्रू शाळेच्या माजी विद्यार्थ्यांशी, लंडनमध्ये तीन वेळा लढला. पहिले दोन सामने बरोबरीत सुटले, तिसऱ्यात डार्वेन हरले, आणि त्या प्रवासाचा खर्च गावाने वर्गणी काढून केला. त्या संघात फर्गस सूटर हा ग्लासगोहून आलेला पाथरवट होता. लँकेशायरचा दगड फार कठीण आहे असे कारण देऊन त्याने आपला धंदा सोडला, आणि तरीही त्याचे बरे चालले होते, यावरून त्याला खेळाचे पैसे मिळत असल्याचे सर्वांनी ओळखले. सूटर आणि त्याच्यासारख्या स्कॉटिश खेळाडूंनी आणलेली खेळाची पद्धतही नवी होती. इंग्रजी शाळांमधला खेळाडू चेंडू पायाशी ठेवून एकट्याने पुढे धावत असे, तर स्कॉटिश खेळाडू चेंडू एकमेकांकडे देत पुढे सरकत. १८८० मध्ये सूटर डार्वेन सोडून ब्लॅकबर्न रोव्हर्सकडे आला, आणि त्यावरून दोन्ही गावांत निर्माण झालेली कटुता बराच काळ टिकली.

१८८२ मध्ये रोव्हर्सने एफए चषकाची अंतिम फेरी गाठली. उत्तर इंग्लंडमधल्या कोणत्याही संघाला तोवर हे जमले नव्हते. अंतिम सामना ते ओल्ड इटोनियन्सकडून एका गोलने हरले. पुढल्याच वर्षी तोच चषक ब्लॅकबर्नला आला, पण तो रोव्हर्सने आणला नाही. ब्लॅकबर्न ऑलिम्पिक हा त्याच गावातील दुसरा संघ होता. त्यात विणकर, सूतगिरणीतील कामगार, लोखंडाच्या ओतशाळेतील मजूर असे लोक होते, आणि त्याला एका स्थानिक ओतशाळामालकाचा आर्थिक आधार होता. या संघाने अंतिम सामन्याआधी काही दिवस समुद्रकाठच्या ब्लॅकपूल गावी जाऊन सराव केला, ही त्या काळी नवलाची गोष्ट होती, आणि ओल्ड इटोनियन्सला जादा वेळेत २-१ असे हरवले. विजयी गोल जिमी कॉस्टली या सूतगिरणी कामगाराने केला. फुटबॉलचे इतिहासकार १८८३ च्या या सामन्याला खेळ अमीरवर्गाकडून कामगारवर्गाकडे गेल्याची खूण मानतात, आणि ते योग्यच आहे. त्यानंतर सुखवस्तू हौशी खेळाडूंचा एकही संघ हा चषक जिंकू शकला नाही. ऑलिम्पिकचे दुर्दैव असे की पैशाच्या वाढत्या स्पर्धेत तो टिकला नाही आणि १८८९ मध्ये बंद पडला. इतिहासात त्याला मिळालेली जागा रोव्हर्सच्या सहा चषकांच्या ओझ्याखाली अनेकदा झाकली जाते, हे खेदाने नोंदवावे लागते.

रोव्हर्सने १८८४, १८८५ आणि १८८६ अशी सलग तीन वर्षे चषक जिंकला. पहिल्या दोन वर्षी त्यांनी ग्लासगोच्या क्वीन्स पार्कला हरवले, तिसऱ्या वर्षी वेस्ट ब्रॉमविच अल्बियनला. १८८४ च्या सामन्यासाठी लंडनमध्ये उतरलेल्या ब्लॅकबर्नच्या प्रेक्षकांचे वर्णन तेथील एका वृत्तपत्राने रानटी टोळीच्या उपमा देऊन केले होते, यावरून उत्तरेच्या गिरणीगावांकडे राजधानी कोणत्या नजरेने पाहत होती हे कळते. याच काळात खेळाचे पैसे घ्यावेत की नाही हा वाद टोकाला गेला. १८८४ मध्ये प्रेस्टन गावच्या संघाचा कारभार पाहणाऱ्या विल्यम सूडेल या गिरणी व्यवस्थापकाने आपण खेळाडूंना पैसे देतो हे उघडपणे मान्य केले, लँकेशायरच्या संघांनी वेगळी संघटना काढण्याची तयारी दाखवली, आणि अखेर २० जुलै १८८५ रोजी फुटबॉल असोसिएशनने पगारी खेळाडूंना अटींसह मान्यता दिली. चषक स्पर्धेत असा खेळाडू जन्माने तरी स्थानिक हवा किंवा क्लबच्या मैदानापासून सहा मैलांच्या आत दोन वर्षे राहिलेला हवा, ही त्यातली महत्त्वाची अट होती. शनिवारी अर्धा दिवस मजुरी बुडवून परगावी खेळायला जाणाऱ्या विणकराला भरपाई द्यावी की नाही, असा हा प्रश्न मुळात होता. ज्याला मजुरी मिळवावी लागत नव्हती त्याला ती भरपाई अनैतिक वाटणे सोपे होते.

पगार सुरू झाल्यावर उत्पन्नही नियमित हवे झाले, आणि बाद पद्धतीच्या चषकात पहिल्याच फेरीत हरणाऱ्या क्लबला वर्षभराचा खर्च भागवणे अशक्य होते. म्हणून १८८८ मध्ये बारा क्लबांनी एकत्र येऊन फुटबॉल लीग सुरू केली, ज्यात प्रत्येक संघ प्रत्येकाशी स्वतःच्या आणि परक्या मैदानावर असे दोन सामने खेळतो. या बारांपैकी सहा क्लब, रोव्हर्ससह, लँकेशायरचे होते. १८९० मध्ये रोव्हर्स ईवुड पार्क या मैदानावर आला आणि तेव्हापासून आजतागायत तेथेच आहे. त्याच वर्षी त्यांनी शेफील्ड वेन्सडेला ६-१ असे हरवून चौथा चषक जिंकला. त्या सामन्यात विल्यम टाउनली या शाळाशिक्षकाने तीन गोल केले, आणि अंतिम सामन्यात असे करणारा तो पहिलाच खेळाडू ठरला. टाउनली पुढे जर्मनीत प्रशिक्षक झाला आणि तेथील क्लबांना त्याने राष्ट्रीय विजेतेपदे मिळवून दिली. १८९१ मध्ये पाचवा चषक आला, आणि जेम्स फॉरेस्ट हा खेळाडू त्या पाचही विजयांत संघात होता.

क्लबच्या पहिल्या वैभवाचे शिखर पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर आले. स्थानिक गिरणीमालक लॉरेन्स कॉटन अध्यक्ष असताना क्लबने खेळाडू विकत घेण्यावर आणि मैदानाच्या बांधकामावर सढळ हाताने खर्च केला, आणि इंग्लंडकडून ४१ सामने खेळलेल्या बॉब क्रॉम्प्टनच्या नेतृत्वाखाली १९११-१२ आणि १९१३-१४ अशी दोन लीग विजेतेपदे मिळवली. येथे काळाची गाठ लक्षात घेण्याजोगी आहे. १९१३ मध्ये ब्रिटनने सुमारे ७०० कोटी यार्ड सुती कापड निर्यात केले, आणि त्यापैकी सुमारे ३०० कोटी यार्ड एकट्या हिंदुस्थानात आले. ब्लॅकबर्नच्या इतिहासात कापडाचा आणि फुटबॉलचा कळस एकाच वेळी गाठला गेला. रोव्हर्सच्या पैशात हिंदुस्थानी शेतकऱ्याने आणि मजुराने विलायती धोतरासाठी मोजलेल्या पैशाचा अंश होता, हे म्हणणे अतिशयोक्तीचे नाही.

पुढच्या उताराची कारणे अनेक आहेत आणि ती सगळी हिंदुस्थानात नाहीत. जपानी कापडाची स्पर्धा, जुनी यंत्रे आणि जागतिक मंदी यांचा वाटा मोठा आहे. पण एक कारण पुण्याच्या इतिहासात दिसते. बंगालच्या फाळणीनंतर ऑक्टोबर १९०५ मध्ये पुण्यात सावरकरांच्या पुढाकाराने आणि टिळकांच्या उपस्थितीत विदेशी कापडाची होळी झाली. लँकेशायरच्या दबावाखाली इंग्रज सरकारने १८९६ पासून हिंदुस्थानी गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के उत्पादनकर लावला होता, म्हणजे विलायती मालावर जी जकात होती तेवढाच बोजा देशी मालावरही राहावा. महायुद्धाच्या खर्चासाठी १९१७ मध्ये आयात जकात साडेसात टक्क्यांवर नेण्यात आली, त्यानंतर ती वाढतच गेली, आणि तो उत्पादनकर १९२० च्या दशकात रद्द झाला. नांदेडला उस्मानशाही मिल सुरू झाली ती याच काळात. सप्टेंबर १९३१ मध्ये गोलमेज परिषदेसाठी लंडनला गेलेले महात्मा गांधी ब्लॅकबर्नलगतच्या डार्वेनला जाऊन बेकार गिरणी कामगारांना भेटले, आणि हिंदुस्थानातील दारिद्र्य त्यांच्या हलाखीहून कितीतरी पटींनी मोठे आहे हे त्यांनी त्यांना समजावून सांगितले. कामगारांनी त्यांचे स्वागत केले, आणि हे स्वागत त्या कामगारांच्या मोठेपणाचे आहे, कारण बहिष्काराची झळ थेट त्यांच्या चुलीला लागलेली होती. रोव्हर्सने १९२८ मध्ये क्रॉम्प्टनच्याच मार्गदर्शनाखाली हडर्सफील्डला हरवून सहावा चषक मिळवला होता, पण १९३६ मध्ये क्लब इतिहासात प्रथमच लीगच्या सर्वांत वरच्या विभागातून खाली घसरला. क्लबची घसरण केवळ गिरण्यांमुळे झाली असे मांडणे घाईचे ठरेल. तरीही ज्या गावात माग विकले जात होते त्या गावातल्या लोकांना तिकिटे विकत घेणे आणि गिरणीमालकांना क्लबला देणग्या देणे, ही दोन्ही जड जात होती.

यानंतरची पन्नास वर्षे थोडक्यात सांगता येतात. १९६० मध्ये क्लब एफए चषकाच्या अंतिम सामन्यात हरला, १९६६ मध्ये खालच्या विभागात उतरला, १९७१ मध्ये तिसऱ्या विभागात गेला, आणि पुढे दुसऱ्या-तिसऱ्या विभागात ये-जा करत राहिला. या काळात गावाची रचना मात्र बदलली. उरलेल्या गिरण्यांना रात्रपाळीसाठी माणसे मिळेनात, तेव्हा गुजरात, पंजाब आणि पाकिस्तानातून आलेले मजूर ती जागा घेऊ लागले, आणि ज्या देशासाठी धोतरे विणली गेली त्याच देशाची माणसे ब्लॅकबर्नच्या मागांवर शेवटची काही वर्षे उभी राहिली.

क्लबच्या दुसऱ्या वैभवाचा कर्ता जॅक वॉकर हा ब्लॅकबर्नचाच माणूस होता. वडिलांच्या छोट्या पत्र्याच्या धंद्यातून त्याने आणि त्याच्या भावाने वॉकरस्टील हा मोठा पोलाद-व्यवसाय उभा केला आणि तो सरकारी मालकीतून नुकत्याच बाहेर पडलेल्या ब्रिटिश स्टीलला विकून अफाट पैसा मिळवला. १९९१ मध्ये क्लब ताब्यात घेतल्यावर त्याने केनी डालग्लिश या नामवंत प्रशिक्षकाला आणले, ईवुड पार्कच्या तीन बाजू नव्याने बांधल्या, तरुण खेळाडूंसाठी अद्ययावत प्रबोधिनी उभारली, आणि १९९२ मध्ये संघ वरच्या विभागात पोचताच अ‍ॅलन शिअररला त्या वेळच्या ब्रिटिश विक्रमी किमतीला घेतले. त्याच वर्षी प्रीमियर लीग सुरू झाली होती, म्हणजे दूरचित्रवाणीच्या हक्कांचा पैसा आपापसांत वाटून घेण्यासाठी वरच्या विभागातील क्लबांनी जुन्या लीगपासून केलेली वेगळी चूल. १९९४-९५ च्या हंगामात शिअररने ३४ गोल केले. १४ मे १९९५ रोजी रोव्हर्स लिव्हरपूलमध्ये हरले, पण मँचेस्टर युनायटेडचा सामना बरोबरीत सुटल्यामुळे ८९ विरुद्ध ८८ अशा एका गुणाने विजेते ठरले. सुमारे लाखभर वस्तीच्या गावाने मिळवलेले हे विजेतेपद इंग्रजी फुटबॉलमध्ये विरळा आहे. ते पैशाने विकत घेतले असे टीकाकार म्हणत, पण पैसा गावातला होता आणि तो गावातच खर्च झाला, हा फरक त्यांनी लक्षात घेतला नाही. शिअरर १९९६ मध्ये दीड कोटी पौंडांना न्यूकॅसलला गेला, १९९९ मध्ये क्लब खाली उतरला, ऑगस्ट २००० मध्ये वॉकरचे निधन झाले, आणि त्याने मागे ठेवलेल्या विश्वस्त निधीच्या आधारावर क्लब २००१ मध्ये वर येऊन २००२ मध्ये लीग चषक जिंकला.

वॉकर कुटुंबाच्या विश्वस्तांना हा भार कायम वाहायचा नव्हता, आणि नोव्हेंबर २०१० मध्ये त्यांनी क्लब २ कोटी ३० लाख पौंडांना व्यंकटेश्वरा हॅचरीजला विकला. डॉ. बी. व्ही. राव यांनी १९७१ मध्ये सुरू केलेल्या या समूहाने भारतातील अंड्या-कोंबड्यांच्या धंद्याला परसातून उचलून उद्योगाचे रूप दिले. अंड्याला उत्पादकाने ठरवलेला भाव मिळावा म्हणून १९८२ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय अंडी समन्वय समितीही त्यांच्याच पुढाकाराची. हा उद्योग मका आणि सोयाबीनच्या पेंडीवर चालतो, आणि राज्यात त्या सोयाबीनचा मोठा बाजार लातूरला आहे. भोकर-नांदेड-लातूरच्या ज्या रानांत एके काळी कापूस हेच नगदी पीक होते, तेथे आता सोयाबीन आहे. ब्लॅकबर्नच्या क्लबचा आधार झालेल्या उद्योगाची मुळे अशा पिकांत आहेत.

नव्या मालकांचा अनुभव क्लबला सुखाचा गेला नाही. अनुराधा देसाई आणि त्यांचे बंधू व्यंकटेश व बालाजी राव यांच्या ताब्यात क्लब येताच महिन्याभरात अनुभवी प्रशिक्षक सॅम अ‍ॅलरडाइस यांना काढून स्टीव्ह कीन यांना नेमण्यात आले. ऑक्टोबर २०११ मध्ये संघ पुण्याला येऊन पुणे एफसीशी मैत्रीपूर्ण सामना खेळला, पण ईवुड पार्कवर तोवर निषेध सुरू झाले होते, आणि मे २०१२ मध्ये अकरा वर्षांनंतर क्लब प्रीमियर लीगमधून बाहेर पडला. पुढच्या एकाच हंगामात हेनिंग बर्ग ५७ आणि मायकेल अ‍ॅपलटन ६७ दिवसांत पदावरून गेले. २०१७ मध्ये रोव्हर्स तिसऱ्या विभागात उतरला, आणि प्रीमियर लीगच्या कोणत्याही विजेत्या क्लबवर अशी वेळ तोवर आली नव्हती. टोनी मोब्रे यांनी एका वर्षात तो पुन्हा वर आणला. पुण्यातून ब्लॅकबर्नचा कारभार चालवणे आणि या खेळाचे व्यवहार दुसऱ्यांच्या सल्ल्याने शिकणे, या दोन चुका मालकांकडून झाल्या, असा निष्कर्ष टाळता येत नाही. पण दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. त्यांनी क्लब विकून टाकला नाही, दरवर्षीचा तोटा स्वतःच्या पैशाने भरला, आणि वॉकरने उभारलेल्या प्रबोधिनीचा सर्वोच्च दर्जा टिकवून ठेवला. परकीय चलन कायद्याखालील चौकशीमुळे अलीकडे भारतातून क्लबला निधी पाठवण्यासाठी त्यांना दिल्ली उच्च न्यायालयाची परवानगी मागावी लागली, आणि तेथील सुनावणीच्या तारखांकडे ईवुड पार्कचे प्रेक्षक सामन्याच्या निकालाइतकेच लक्ष ठेवून होते. विणकर, गिरणीमालक आणि पोलादाचा व्यापारी यांच्या काळात क्लबचा पैसा गावातल्या गावात हिशेबाला येत असे. नोव्हेंबर २०२५ मध्ये दीडशे वर्षे पूर्ण करताना रोव्हर्स दुसऱ्या विभागात होता, आणि त्याच्या पगारपत्रकाचा हिशेब पुणे व दिल्लीत जुळवला जात होता.